शेतातल्या घराचा गारवा शहरात आणता येईल का?

विदर्भातील कोणत्याही शहराच्या कडेने वाढत चाललेल्या नव्या वस्तीतून एकदा चक्कर मारा. नागपूर घ्या, यवतमाळ घ्या, किंवा यवतमाळ जिल्ह्यातले वणी घ्या. चार-दोन घरे तरी अशी आढळतील, की ती शेतातल्या घरासारखी दिसावीत म्हणून मालकाने मुद्दाम खर्च केलेला असतो. उतरते छप्पर, त्यावर लाल कवेलू, पुढे ओसरी, ओसरीत बंगई आणि भोवती हिरवळ. अशा घराला 'फार्महाऊस' म्हणण्याची पद्धत पडली आहे.

गंमत अशी, की याच गावांच्या जुन्या भागात मातीच्या भिंतींची, कवेलूंची खरीखुरी घरे पाडून तेथे सिमेंटच्या स्लॅबची घरे उभी राहत आहेत. एका टोकाला अस्सल घर पाडायचे आणि दुसऱ्या टोकाला पैसे मोजून त्याची नक्कल उभारायची, असा हा प्रकार आहे. ही केवळ हौस म्हणायची, की शेतातल्या घरात खरोखरच असे काही असते, की ज्याची शहरातल्या माणसाला ओढ वाटावी?

प्रश्न हौसेचा वाटला, तरी तो तसा नाही. मे महिन्यातल्या रात्री ज्या घरात लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला झोप लागत नाही, आणि ज्या घराला वातानुकूलन यंत्राचे बिल परवडत नाही, त्या घरासाठी भिंत कशाची आणि छप्पर कसे हा तब्येतीचा प्रश्न असतो. म्हणून शेतातल्या घराची एकेक वस्तू घेऊन ती काय काम करते ते तपासू या. मग तिच्यातले घेण्यासारखे कोणते आणि नुसते दिखाऊ कोणते, हे तुमचे तुम्हांलाच ठरवता येईल.

वणीचे ऊन

लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव असलेले वणी निर्गुडा नदीच्या काठी आहे. त्याचे अक्षांश सुमारे २० अंश उत्तर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे. समुद्र दूर, हवा कोरडी, भोवती कापसाची काळी राने आणि कोळशाच्या खाणी. मे महिन्यात दुपारी पारा ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे येथे नवलाचे नाही. पहाटे मात्र तो बराच खाली उतरतो. हिशेबासाठी आपण दुपारचे तापमान ४३ अंश आणि पहाटेचे २८ अंश धरू. म्हणजे दिवस आणि रात्र यांत १५ अंशांचा फरक झाला. कोकणात हा फरक याच्या निम्माही नसतो. वणीच्या जुन्या घराचे सगळे कौशल्य या १५ अंशांवर उभे आहे.

जाड भिंत काय करते?

जुन्या घराची मातीची भिंत दीड फुटापर्यंत, म्हणजे ४५ ते ४८ सेंटिमीटर जाड असते. अशा भिंतीच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे ७८० किलोग्रॅम भरते. मातीचा विशिष्ट उष्मा दर किलोग्रॅमला सुमारे ०.८८ किलोज्यूल आहे. म्हणजे एवढा भाग एका अंशाने तापवायला जवळजवळ ६८५ किलोज्यूल उष्णता लागते. आता ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीतली सगळी हवा एका अंशाने तापवायची म्हटली, तर अवघे ७० किलोज्यूल पुरतात! एका चौरस मीटर भिंतीला एक अंश चढवणाऱ्या उष्णतेत सबंध खोलीची हवा दहा अंशांनी तापेल. घरातल्या हवेपेक्षा घराची भिंत महत्त्वाची का, हे यावरून कळते.

भिंतीची बाहेरची बाजू दिवसा तापते आणि रात्री निवते. दर २४ तासांनी ही चढउतार पुन्हा होते. तळ्यात खडा टाकल्यावर लाट पसरते, तशी तापमानाची ही लाट भिंतीत आत आत शिरते. पण मातीत शिरताना ती विरत जाते आणि रेंगाळतही जाते. मातीच्या भिंतीत दर १२ सेंटिमीटरला लाटेची उंची एक तृतीयांशाच्या थोडी वर उरते, आणि तेवढे अंतर कापायला तिला सुमारे ४ तास लागतात.

आता हिशेब करा. बाहेरची बाजू दुपारी ३ वाजता सर्वांत जास्त, समजा सरासरीपेक्षा १५ अंश वर, तापली आहे. भिंत १२ सेंटिमीटर असेल, तर ही लाट संध्याकाळी ७ वाजता आत पोचेल आणि तिची उंची ५ अंशांहून अधिक असेल. भिंत २४ सेंटिमीटर असेल, तर ती रात्री ११ वाजता पोचेल आणि उंची २ अंश उरेल. भिंत ४८ सेंटिमीटर असेल, तर लाट दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता पोचेल आणि तिची उंची पाव अंश एवढीच असेल. ती पोचेपर्यंत बाहेर गारवा पसरलेला असतो. प्रत्यक्षात वारा, रंग, दारे-खिडक्या यांमुळे या आकड्यांत थोडा फरक पडतो, पण कल हाच राहतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जाड भिंत गारवा तयार करत नाही. ती दिवसाची उष्णता आणि रात्रीचा थंडावा यांची सरासरी काढते. ४३ आणि २८ यांची सरासरी ३५.५ अंश येते. म्हणजे नुसत्या जाड भिंतीच्या बंद घरात रात्रंदिवस ३५ अंशांच्या आसपास तापमान राहील. दुपारी बाहेरून आलेल्याला ते थंडगार वाटेल. रात्री मात्र त्याच घरात उकडेल, कारण बाहेर तेव्हा २८-३० अंशच असतात. सरासरी आणखी खाली आणायची असेल, तर दिवसाचे ऊन भिंतीपर्यंत पोचू द्यायचे नाही आणि रात्रीची हवा घरात खेळू द्यायची. उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत दारे-खिडक्या लावून घेणे, तिन्हीसांजेनंतर त्या सताड उघडणे आणि रात्री अंगणात बाजा टाकून झोपणे या सवयी याच तत्त्वावर बसलेल्या आहेत. दिवसा जाड भिंतीच्या आत आणि रात्री उघड्या आभाळाखाली, अशी दिवसाची वाटणी जुन्या माणसांनी करून ठेवली होती. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली, की जमीन आपली उष्णता प्रारणाने झपाट्याने आकाशात सोडून देते. म्हणून अंगण घरापेक्षा लवकर निवते.

डोक्यावरचे छप्पर

मे महिन्यात घराच्या सगळ्या बाजूंपैकी छपरावर सर्वांत जास्त ऊन पडते. सिमेंट-काँक्रीटची स्लॅब साधारण १२ सेंटिमीटर जाड असते. काँक्रीटमधून उष्णतेचे वहन मातीच्या दुपटीने होते. त्यामुळे उष्णतेची लाट सुमारे ३ तासांत स्लॅब पार करते आणि तिची ४० टक्क्यांहून अधिक उंची शिल्लक राहते. गच्ची दुपारी एक-दीडला सर्वांत तापली, तर खोलीचे छत चार-साडेचारला सर्वांत गरम होते. स्लॅब जड असल्यामुळे ती साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहते. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३४ अंश असते. डोक्यावरचे छत ४० अंशांवर असले, की पंख्याचा वारा लागत असूनही छताकडून प्रारणाने येणारी उष्णता अंगाला जाणवत राहते. 'पंखा गरम हवा फेकतो' असे आपण म्हणतो, त्यातला बराच दोष पंख्याचा नसून छताचा असतो.

कवेलूचे छप्पर निराळ्या रीतीने वागते. कवेलू पातळ असते. ते लवकर तापते, पण सूर्य मावळला की लवकर निवतेही. कवेलू एकमेकांवर नुसते रचलेले असतात, त्यामुळे त्यांच्या फटींतून वर चढलेली गरम हवा बाहेर पडते. छप्पर उतरते असल्याने मधला भाग उंच असतो आणि गरम हवा माणसाच्या डोक्यापासून दूर राहते. त्याखाली लाकडी माळा असला, तर माळा आणि छप्पर यांच्यामधली हवा पांघरुणाचे काम करते. स्थिर हवा काँक्रीटच्या मानाने सुमारे ६० पट कमी उष्णता वाहून नेते.

म्हणून नव्या घरांपुढे एक प्रश्न विचारून पाहा: वरचे लाल कवेलू कशावर बसवले आहेत? उतरत्या स्लॅबवर ते सिमेंटने चिकटवून टाकले असतील, तर मध्ये हवा राहत नाही. कवेलू तापले की स्लॅब तापते. तेच कवेलू पट्ट्यांवर ठेवून खाली वितभर मोकळी जागा सोडली आणि वरच्या टोकाला हवा निघून जायला वाट ठेवली, तर ते स्लॅबवर छत्रीसारखे काम करतात. बाहेरून दोन्ही घरे सारखीच दिसतील.

ओसरीचे भूगोल-गणित

आता वणीचे अक्षांश पुन्हा आठवा. सुमारे २१ मे आणि २३-२४ जुलै या दिवसांच्या आसपास वणीला मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या खांबाची सावली त्या क्षणी नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य दिवसभर पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेकडेच असतो. याचा अर्थ असा, की या दोन महिन्यांत दक्षिणेकडच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही! एप्रिलमध्येही दुपारचा सूर्य इतका उंच असतो, की दक्षिणेला हातभर छज्जा असला तरी खिडकी सावलीत राहते.

हिवाळ्यात याच्या उलट घडते. २२ डिसेंबरला वणीला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४६.५ अंशांवरच असतो. दक्षिणेकडच्या ओसरीची कड जमिनीपासून २ मीटर उंच असेल, तर ऊन किती आत येईल? २ भागिले स्पर्शक ४६.५ अंश, म्हणजे सुमारे १.९ मीटर. तुम्ही दहावीत त्रिकोणमिती शिकत असाल, तर हा हिशेब स्वतः करून पाहा. एकच ओसरी उन्हाळ्यात सावली देते आणि हिवाळ्यात उबदार ऊन आत घेते, तेही कोणतेही यंत्र न लावता.

पश्चिमेची बाजू मात्र अवघड. दुपारी चारनंतर सूर्य खाली आलेला असतो, त्यामुळे छज्जाने काम भागत नाही, आणि बाहेरची हवाही त्याच सुमाराला सर्वांत तापलेली असते. म्हणून पश्चिमेला झोपायची खोली न ठेवता धान्याची कोठी, गुरांचा कोठा किंवा कडुनिंबाचे झाड असणे सोयीचे. कडुनिंबाला चैत्रात नवी पालवी येते आणि ऐन उन्हाळ्यात तो गच्च भरलेला असतो.

पाणी आणि झाड

माठातले पाणी गार का होते, हे तुम्ही शिकलेला आहात. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. मघाच्या खोलीची हवा एका अंशाने गार करायला ७० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे पाव लिटर पाण्याची वाफ झाली, तर त्या खोलीतली एकदाची हवा आठ अंशांनी गार होऊ शकते. अंगणात सडा टाकणे, दाराला वाळ्याचा पडदा लावून तो भिजवणे आणि विदर्भात घरोघरी दिसणारा कूलर, या तिन्हींत हेच घडते. पण हवा कोरडी असेल तरच. मुंबईत किंवा रत्नागिरीत हवेतच बाष्प भरपूर असल्याने कूलरचा फारसा उपयोग होत नाही. वणीतसुद्धा जुलै उजाडला की तोच कूलर अंग चिकट करू लागतो.

झाड हेच काम शांतपणे करते. ते सावली देते आणि पानांतून बाष्प सोडून भोवतालची हवा थोडी निववते. येथे हिरवळीची आणि झाडाची तुलना करण्याजोगी आहे. १०० चौरस मीटर हिरवळीतून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडून गेले, तर ते ५०० लिटर होते. उन्हाळ्यात ते याहूनही अधिक उडते. 'जल जीवन मिशन'ने खेड्यातल्या माणसासाठी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. म्हणजे ती हिरवळ नऊ माणसांचे पाणी पिते, आणि भिंतीवर किंवा छपरावर सावली मात्र मुळीच टाकत नाही. वाढलेला कडुनिंब आपल्या मुळांनी खोलवरचे पाणी मिळवतो आणि सावलीही देतो. शेतातल्या खऱ्या घरापुढे हिरवळ नसते, निंब असतो किंवा चिंच असते. नक्कल करणाऱ्याने नेमकी चुकीची वस्तू उचललेली असते.

डोळ्यांनाही गारवा लागतो

शेतातल्या घराची ओढ नुसत्या तापमानाने पुरती उलगडत नाही. उघडे आकाश, झाडे, पाखरे, शांतता यांचाही त्यात वाटा आहे. याचे मोजमाप होऊ शकते का? रॉजर उलरिच या अमेरिकन शास्त्रज्ञाने तसा प्रयत्न केला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी त्यांनी तपासल्या. वय, प्रकृती वगैरे सारखे असलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने सुमारे पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी तीव्रतेची लागली. हे निष्कर्ष १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रुग्णांची संख्या लहान होती हे खरे, पण खिडकीतून काय दिसते याला किंमत आहे, हा विचार त्यानंतर रुग्णालये बांधणाऱ्यांनीही मनावर घेतला.

काळी आणि पांढरी

आपल्या भाषेत शेतजमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. या दोन शब्दांत मोठे शहाणपण आहे. काळ्या कापसाच्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि पाणी उडाले की आक्रसते. पावसाळ्यात वर उचलली जाणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही जमीन कापसाला उत्तम, पण पायाला वाईट. म्हणून घर बांधायचे ते पांढरीत, आणि भिंती रचायच्या त्याही पांढऱ्या मातीच्या, असा रिवाज पडला.

आज शहरे वाढता वाढता काळीत शिरली आहेत. शेतातल्या घरासारखे घर बांधायचे म्हणून कोणी प्रत्यक्ष शेतातच उथळ पाया घालतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तिरप्या भेगा पडतात. यावर उपाय आहे. पाया मुरुमापर्यंत खोल नेता येतो. मुरूम फार खाली असेल, तर रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेली पद्धत वापरतात. साधारण साडेतीन मीटर खोल गेले, की जमिनीचा ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. तेवढ्या खोल काँक्रीटचे खुंट उतरवून त्यांच्या तळाशी कांद्यासारखा फुगवटा ठेवतात. वरची माती फुगो वा आक्रसो, खुंट जागचा हलत नाही.

मातीच्या घराची दुसरी बाजू

जुन्या घराचे गुण सांगताना त्याचे दोष झाकणे विज्ञानाला शोभणार नाही. मातीच्या भिंतीला पाऊस चालत नाही, वाळवी लागते, दरवर्षी डागडुजी करावी लागते. कवेलू दर पावसाळ्याआधी फेरावे लागतात आणि ते काम जाणणारी माणसे आता कमी झाली आहेत. लोक स्लॅबकडे वळले ते अडाणीपणाने नव्हे. वारंवारच्या गळतीला आणि खर्चाला ते कंटाळले होते.

याहून गंभीर गोष्ट भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील जवळजवळ आठ हजार माणसे मरण पावली. तेथील घरांच्या भिंती दगड आणि मातीच्या, फार जाड होत्या, आणि लाकडी तुळयांवर मातीचे जाड थर दिलेली धाब्याची छपरे फार जड होती. ऊन अडवणारे हेच वजन झोपेत असलेल्या माणसांवर कोसळले. दोष जाडीपेक्षा बांधणीतल्या उणिवेत अधिक होता. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकत्र बांधणारे आडवे दगड नव्हते, आणि चारही भिंतींना कवळणारा पट्टा नव्हता. जोत्याशी, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचे किंवा लाकडाचे सलग पट्टे घातले, कोपरे नीट सांधले आणि छप्पर हलके ठेवले, तर मातीचे घरही पुष्कळ सुरक्षित होते.

अशी सांगड घालण्याचे काम विदर्भात झालेले आहे. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तेथील बापूकुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू अशा जवळच मिळणाऱ्या वस्तूंची आहे. भर उन्हाळ्यात आत जाऊन बसा, म्हणजे जाड भिंत आणि खोल ओसरी यांचा अर्थ अंगालाच कळेल. पुढे देवेंद्रकुमार यांनी वर्ध्याला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. या केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेली, एका टोकाला निमुळती, पोकळ कौले एकमेकांत अडकवून कमानीचे छप्पर करण्याची रीत पुढे आणली. त्यात लाकूड लागत नाही आणि कौलांच्या पोकळीतली हवा उष्णता अडवते.

मग घ्यायचे काय?

प्रत्येकाला शेतात घर बांधता येणार नाही, आणि तसे सर्वांनी ठरवले तर कापूस पिकवायला काळी उरणार नाही. पण शेतातल्या घराचे काम शहरातल्या साध्या घराकडूनही करून घेता येते.

पहिली गोष्ट, गच्ची पांढरी करा. वणीजवळच्या राजूर भागात चुन्याच्या भट्ट्या आहेत. तेथे चुनखडी भाजून, म्हणजे सुमारे ९०० अंशांना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड घालवून, कळीचा चुना करतात. तो पाण्यात विरवला की हातपाय पोळतील इतकी उष्णता बाहेर पडते. म्हणून ते काम मोठ्यांनीच करावे. विरवलेला चुना गच्चीवर फासला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची पुन्हा चुनखडी होते. स्वच्छ पांढरा थर बहुतांश ऊन परतवून लावतो; काळवंडलेले सिमेंट ते बहुतांश गिळते. मात्र धूळ आणि कोळशाची काजळी बसली की चुन्याचा गुण कमी होतो, म्हणून थर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी द्यावा. अहमदाबाद शहराने २०१७ पासून गरीब वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम हाती घेतली, ती याच तत्त्वावर.

दुसरी गोष्ट, गच्चीवर सावली करा. पऱ्हाटी, तुराट्या किंवा हिरवी जाळी यांचा मांडव स्लॅबपासून दीड-दोन हात वर उभारला, तर ऊन मांडवावर अडते आणि खालची हवा खेळती राहते. तिसरी, पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवा किंवा तिच्यापुढे झाड लावा. चौथी, समोरासमोर खिडक्या ठेवा, त्या दिवसा बंद करा आणि रात्री उघडा. ही चौथी गोष्ट फुकट आहे आणि आज रात्रीपासून सुरू करता येते.

तुम्ही करून पाहा

सारख्या आकाराचे तीन पत्र्याचे डबे घ्या. एक तसाच ठेवा. दुसऱ्याला बाहेरून चुना लावा. तिसऱ्याच्या चारही बाजूंना आणि झाकणावर माती व भुसा यांच्या चिखलाचा चार बोटे जाड थर द्या आणि तो आठवडाभर वाळू द्या. तिन्ही झाकणांना लहान भोक पाडून तापमापी आत सोडा. सकाळी ७ पासून रात्री ९ पर्यंत दर तासाला तापमान लिहा आणि एकाच आलेखपत्रावर तिन्ही आलेख काढा. कोणत्या डब्याचे तापमान सर्वांत जास्त चढले? कोणाचे शिखर सर्वांत उशिरा आले? रात्री कोणता डबा सर्वांत उशिरा निवला?

दुसरा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. वाळवून बारीक केलेली काळी माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्या. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल घालून ढवळा, आणि २४ तासांनी तळाशी बसलेल्या मातीची पातळी वाचा. रॉकेलातली माती फुगणार नाही. पाण्यातली किती फुगली ते टक्क्यांत काढा, आणि मग तीच कृती गावठाणातल्या पांढऱ्या मातीची करून पाहा.

शेवटी एक काम सबंध वर्गाने मिळून करण्यासारखे आहे. तुमच्या गावातले मातीच्या भिंतींचे एक जुने घर आणि स्लॅबचे एक नवे घर निवडा. घरमालकांची परवानगी घेऊन एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ३, रात्री ९ आणि पहाटे ५ वाजता दोन्ही घरांतले आणि बाहेरचे तापमान आठवडाभर नोंदवा. जुने घर बांधणारे किंवा कवेलू फेरणारे कोणी आजोबा गावात असतील, तर भिंतीची माती कोठून आणली, तिच्यात काय मिसळले, पाया किती खोल घेतला, हे त्यांना विचारून लिहून ठेवा. ती माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, आणि तुमच्या गावात पुढे कोणी घर बांधायला निघाला, तर तुमची वही त्याच्या उपयोगी पडेल.